सुकाळाचा थर

॥ सिद्धनाथ प्रसन्न ॥

पाखरवाडी, ता. माण
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

ती. माया आत्यास,
दिग्विजयचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला बोलता येत नाही आणि डोंगरावर मला रेंज नाही, त्यामुळं आपली पत्रांची जोडी जमली. गळ्याची जखम आता कशी आहे? पाटीवर लिहून लिहून हात दुखत असेल, तेव्हा मला चार ओळी कमी लिही, पण लिही.

मी इथं येऊन महिना झाला. आप्पा मुंबईहून दर रविवारी फोन करून आईला विचारतात की दिवटं काय करतंय. आई सांगते की डोंगरावर थेंब मोजतंय. त्यावर आप्पा जे बोलतात ते कागदावर येण्यासारखं नाही. कॉलेज सोडलेल्या पोराला बहिणीनं कामाला लावलं, याचा आनंद त्यांना आहे, पण हे काम म्हणजे काय ते गावात कुणाला सांगायचं, हा त्यांचा प्रश्न आहे.

काम मात्र चोख चाललंय. दर मंगळवारी घळीत जातो, छताखालची बाटली बदलतो, तोंडाला मेण लावतो, थेंब मोजून वहीत लिहितो. तू शिकवलेलं पाठ आहे. ऑक्सिजन दोन जातींचा, हलका आणि जड. पाऊस दणकून झाला की पाण्यात हलका जास्त. ते पाणी डोंगरातून झिरपत घळीत ठिबकतं, त्यातला चुना धोंड्यावर बसतो, वर्षाला एक थर. थर हलका आणि जाड असला तर सुकाळ, जड आणि बारीक असला तर दुष्काळ. तू चौऱ्याण्णव साली पांढरा धोंडा कापून नेलास, त्याचं मागं राहिलेलं बूड अजून तसंच आहे. त्याच्याशेजारी बसलं की सारखं वाटतं, कुणीतरी आत्ताच उठून गेलंय. वास पण येतो, नव्यानं चुना दिलेल्या भिंतीचा. असो, एकटं बसल्यावर माणसाला काहीही वाटतं.

आता महत्त्वाचं. घळीच्या पार आत, जिथं पोटावर सरकावं लागतं, तिथल्या कपारीत मला शिंपल्या सापडल्या. मोजल्या, एक्केचाळीस भरल्या. आत्या, माणमध्ये एके काळी समुद्र होता. तुझ्या पुस्तकात हे घाल, खाली माझं नाव बारीक अक्षरात घातलंस तरी चालेल.

भार्गवी रोज तुझ्याकडं येते म्हणे, पुस्तकाच्या कामाला. मी तिच्याबद्दल काही विचारत नाहीये. ती माझ्याबद्दल काही विचारते का, एवढंच विचारतोय. तिच्यापायी मी ऋषिराजचा दात पाडला आणि कॉलेजवर पाणी सोडलं. त्याला दीड वर्ष झालं, अजून एक शब्द नाही तिचा.

तब्येतीला जप. तुझ्या मायेत मी आहेच, तिथून हलवू नकोस.

तुझा,
दिग्विजय


सांगली
१२ जानेवारी २०२६

चि. दिग्विजय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा समुद्र वाचून पाटीवर हसले. आवाज गेल्यापासून हसूसुद्धा लिहावं लागतं. पुढाऱ्यांनी माणमध्ये अजून कालव्याचं पाणी पुरतं आणलं नाही आणि तू थेट समुद्र आणलास.

अरे वेड्या, आपला काळा दगड आगीतून आलेला. त्यात शिंपली कुठली? खरं तर आपल्याकडं चुन्याची घळ असायलाच नको होती. वरच्या पठारावर चुनखडीचा एक पट्टा आहे, म्हणून ती एवढी एक झाली, आणि म्हणून तर माझा हातभर धोंडा जगानं डोक्यावर घेतला. शिंपल्या कुणीतरी नेऊन ठेवल्यात. कडा घासलेल्या आहेत का बघ. वस्तीवरच्या हरणाबाईला विचार. तिला डोंगरातलं प्रत्येक बीळ माहीत आहे.

पुस्तक फेब्रुवारीअखेर छापायला जाईल. मुखपृष्ठावर तो पंचाहत्तर सालचा थर घेतलाय, दुधासारखा पांढरा, नखाएवढा जाड, सबंध धोंड्यात सगळ्यात हलका. साडेतीनशे वर्षांत असे एकोणीस थर, एकोणीस सुकाळ. आयुष्यभर मी त्यांच्यावरच जगले म्हण. मोजणीत हा थर त्र्याहत्तरवर येत होता. पण त्या दुष्काळात मला वर्षभर मामाकडं कराडला धाडलं होतं, मी ते साल विसरेन कशी? मोजणीत दोन-तीन वर्षं इकडंतिकडं होतातच, म्हणून तो थर दोन वर्षं पुढं घेतला आणि त्याच्या खालचे सगळेही त्याच्याबरोबर सरकवले. एका परीक्षकानं तेव्हा लिहून विचारलं होतं की हे कशावरून. मी उलट लिहिलं की माझा जन्म तिथला आहे. पुन्हा कुणी विचारलं नाही.

एक काम कर. बुडावर इतक्या वर्षांत नवीन किती चढलंय ते पट्टीनं मोजून कळव. तांदळाच्या दाण्याएवढंही नसेल.

भार्गवी रोज अकराला येते, सहाला जाते. तिचा एम.एस्सी.चा प्रबंध याच थरांवर आहे, त्यामुळं तिला थरांशिवाय काही सुचत नाही. मी टपालखातं नाही. तिच्यापायी दात पाडलास म्हणतोस, तर तिनं तो पाडायला सांगितला होता का, हे मंगळवारी थेंब मोजताना स्वतःला विचार.

आईला सांग, शेवयांची वाट बघते, आता तेवढंच गळ्यातून उतरतं. तुझ्यावरचा लोभ आहे तसा आहे, वाढवणं तुझ्या हाती.

तुझी,
माया आत्या


पाखरवाडी
बुधवार, २१ जानेवारी २०२६

ती. माया आत्यास,
दिग्विजयचा शि. सा. न. वि. वि.

शेवया एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवल्या आहेत. समुद्र मी मागं घेतला. शिंपल्यांच्या कडा खरंच घासलेल्या आहेत, एका बाजूनंच.

बूड मोजलं. तीनदा मोजलं, कारण माझा माझ्यावर विश्वास बसेना. दोन बोटं चढलंय. वर पांढरी, गुळगुळीत साय. आणि ऐक, सध्या थेंब दोन मिनिटांत एक पडतोय, तोसुद्धा बाटलीत. तरी बूड ओलं होतं. मंगळवारीही ओलं, मध्ये शुक्रवारी मुद्दाम गेलो तेव्हाही ओलं.

मला वाटलं, कुणीतरी तुझ्या कामाची वाट लावतंय. माझं डोकं तुला माहीत आहे. सोमवारी दुपारी काठी घेऊन खडकाआड बसलो. जो कोण येईल त्याला तिथंच लोळवायचा, असा बेत.

आली ती शिवांजली, तानाजीची बायको. दिवाळीत तिचं लेकरू गेलं, तुला आईनं कळवलं असेल. एकटीच होती, अनवाणी, हातात स्टीलचा लहान तांब्या. बुडासमोर मांडी घालून बसली आणि शिंपलीनं त्यावर पाणी सोडायला लागली. धार नाही, थेंब थेंब. शिंपलीची कड बुडाला टेकवायची, थांबायचं, मग पुढचा थेंब, जसं काही पलीकडून कुणी गिळायला वेळ घेतंय. मी काठी घेऊन पुढं आलो. ती दचकली नाही. वाटेत आलेल्या शेरडाकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं, तांब्या संपवला आणि निघून गेली. आत्या, मी काठी टाकली ती अजून तिथंच आहे.

संध्याकाळी हरणाबाई घरी येऊन आईसमोर मला नाही नाही ते बोलली. म्हणाली की बापय माणसानं तिथं उभं ऱ्हायचं नसतंय, तुला कुणी शिकिवलं का न्हाई. तिथं काय घालतात म्हणून विचारलं तर म्हणाली की घालतोय आमी, तुला काय करायचं. आणखी कळलं की लिहीन.

तुझ्या आशीर्वादाची यावेळी जरा जास्त गरज आहे.

तुझा,
दिग्विजय


पाखरवाडी
२ फेब्रुवारी २०२६

कु. भार्गवी हिस,
स. न. वि. वि.

हे प्रेमपत्र नाही, फाडू नकोस. तसली अकरा लिहून मी चुलीत घातली. आधी एक गोष्ट. ऋषिराजनं तुझा फोटो बिघडवून ग्रुपवर टाकला तेव्हा तू तक्रार केली होतीस, चौकशी लागली होती. मी मध्ये पडून दात पाडला आणि तुझी तक्रार राहिली बाजूला, सगळ्या कॉलेजात माझीच गोष्ट झाली. हे मला दीड वर्षानं कळलं. माफ कर, किंवा करू नकोस.

आता ज्यासाठी लिहितोय ते. हरणाबाई म्हणून आमच्या वस्तीवर म्हातारी आहे, पंचाहत्तरीची. घळीत काय चालतं ते तिनं मला सांगितलं. म्हणाली की बघितलंच हायस तर आता अर्धवट नगं, नीट ऐक.

आपण ज्याला पांढरा धोंडा म्हणतो त्याला बायका पान्हाई म्हणतात. अंगावर पिणारं लेकरू गेलं की त्याच्या आईनं घरातली चुन्याची निवळी घेऊन तिथं जायचं. निवळी म्हणजे चुना भिजवल्यावर वर राहतं ते नितळ पाणी, लेकराला हाडं धरावीत म्हणून दुधातून देतात ते. लेकरू जितके दिवस जगलं तितके दिवस त्याची निवळी पान्हाईला पाजायची, लेकराला दूध पाजायच्या त्याच शिंपलीनं. दिवस भरले की शिंपली कपारीत ठेवायची आणि मागं न बघता यायचं. जाताना-येताना बोलायचं नाही. पुरुषाला कळू द्यायचं नाही. आणि जिचं लेकरू गेलंय तिलाच हे सांगितलं जातं, तेही जिनं आधी घातलंय तिनंच सांगायचं. माझ्या आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

भार्गवी, तू हुशार आहेस, मी तिसऱ्या वर्षात पळालेला. तरी मला एवढं कळतं की चुन्याची निवळी हवेला लागली की तिची साय धरते आणि सायीचा दगड होतो. हा दगड पावसाचा नाही. हरणाबाईला मी विचारलं की कोणत्या साली जास्त बायका जायच्या. ती म्हणाली की येड्या, लेकरं कवा जास्ती जात्यात? दुष्काळातच की. बहात्तर-त्र्याहत्तरला या एका वस्तीतल्या अकरा जणी जात होत्या, ती धरून.

म्हणजे ते एकोणीस जाड पांढरे थर सुकाळ नाहीत.

आत्याला कसं सांगू? अजून एक गोष्ट आहे, पण ती आत्याची आहे, तुला लिहीत नाही. काय करायचं तेवढं सांग. तू सांगशील तसं करीन.

उत्तर दिलंस तर उपकार, नाही दिलंस तर सवय आहे.

दिग्विजय


सांगली
७ फेब्रुवारी २०२६

दिग्विजय यास,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. माफीचं नंतर बघू.

तू लिहिलंस ते खरं असू शकतं. चुन्याची निवळी हवेतला वायू ओढून घेते आणि त्यातून जो दगड होतो तो हलकाच येतो, पाऊस असो वा नसो. मी काल रात्री पुस्तकात शोधलं. म्हणजे मॅडमचं सगळं उलटं पडतं, आणि माझा प्रबंधही. पण माझं सोड.

डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुला घरच्यांनी कळवलेलं नाही, कारण तू लगेच उठून दवाखान्यात भांडायला येशील. गाठ पुन्हा आली आहे. मॅडमना सगळं माहीत आहे. त्या रोज सकाळी मुखपृष्ठाचं चित्र समोर ठेवून बसतात. परवा पाटीवर लिहिलं की हे एक हातात घेऊन जाता आलं तर बरं होईल. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. त्यांना ते हातात घेऊ दे.

त्या तुझ्याकडं बुडाच्या सायीचा चुरा मागणार आहेत. शेजारी नुसत्या थेंबानं तयार झालेला एक पापुद्रा आहे, त्याचा चुरा पाठव. कुणाला कळणार नाही.

तू प्रत्येक गोष्टीत आधी हात उचलतोस, मग विचार करतोस. एकदा तरी हात खाली ठेव. माझ्यासाठी काही करायचं होतं ना तुला? मग हे कर.

स्नेह असू द्यावा.

भार्गवी


सांगली
९ फेब्रुवारी २०२६

चि. दिग्विजय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. भांडण नाही, समुद्र नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय. भार्गवीसुद्धा चहात साखर घालायची विसरते. दोघांनी मिळून मला काही सांगायचं टाळलं असेल तर टाळू नका, माझा गळा गेलाय, डोळे गेलेले नाहीत.

शिवांजलीबद्दलचं वाचून मन थाऱ्यावर नाही. ती काय घालते ते मला कळलं पाहिजे. बुडाच्या सायीचा चिमूटभर चुरा कागदात बांधून पाठव. धोंड्यावर वरून काही पडलेलं असेल तर तपासणीत ते लपत नाही, फक्त नमुना देणारा माणूस खरा हवा. म्हणून तुला सांगते.

तुझ्या पत्राच्या वाटेवर,
माया आत्या


पाखरवाडी
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

ती. माया आत्यास,
दिग्विजयचा शि. सा. न. वि. वि.

या पत्रात दोन पुड्या आहेत. एकीवर ‘बूड’ लिहिलंय, दुसरीवर ‘पापुद्रा’. चार दिवस मी दुसरीच पाठवणार होतो, पहिली म्हणून. असं करायला मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. ज्यानं सांगितलं त्यानं तुझ्यावरच्या मायेनं सांगितलं. मीही तेवढ्याच मायेनं दोन्ही पाठवतोय, आणि आता जे गमवायचं ते मी गमावलं, हे मला माहीत आहे.

सोबत वेगळ्या कागदावर घळीतलं सगळं लिहिलंय, हरणाबाईनं सांगितलं तसं, माझं एक अक्षर न घालता. ते आधी वाच. मग इथून पुढं वाच.

वाचलंस? आता आत्या, खाली बस.

तुला मामाकडं कराडला धाडलं तेव्हा आजी पोटुशी होती. तू सात वर्षांची, तुला काय कळणार. तू गेल्यावर दोन महिन्यांनी मुलगा झाला. हरणाबाई म्हणाली की दाणा नव्हता, पाणी टँकरचं, बारशाला जेवण कशाचं घालायचं, म्हणून आजोबा म्हणाले की पाऊस पडला की बारसं करू. पाऊस पडला नाही. पोर पाच महिन्यांचं होऊन गेलं. नाव ठेवायचं राहिलं ते राहिलंच. घरात सगळे त्याला नुसतं बाळ म्हणायचे.

पुढं हरणाबाई म्हणाली की तुझी आजी अन् मी बरुबर जायचो. माझं लेकरू चाळीस दिसांचं हुतं, माझं घालून झालं तरी मी तिच्या सोबतीनं जात ऱ्हायले, एकटी सोडवंना. चुन्यानं बोटं फुटायची, त्यावर ती मेंढीचं लोणी लावायची आणि दुसऱ्या दिवशी परत. दीडशे दिवस. तू कराडहून आलीस तेव्हा तिचे दिवस संपले होते आणि घरात कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं होतं.

मी विचारलं की चौऱ्याण्णव साली आत्या धोंडा कापायला आली तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत. त्यावर ती म्हणाली की बाप्यांनी देवळात बसून नारळ फोडला, परवानगी दिली, आमाला कुणी इचारलं? अन् इचारलं असतं तरी काय सांगितलं असतं? पोरगी शिकून मोठी झालीय, दगुड नेतीय तर नेऊ दे, बूड हाय की. आमचं देणं बुडाला बी पोचतंय.

तुझ्यावर राग आहे का, असं शेवटी विचारलं. बराच वेळ तंबाखू मळत बसली. मग म्हणाली की मायाला पोर असतं तर तिला आमी सांगितलंच असतं. शिकली लय, पर सांगायजोगी झाली न्हाई, आमचा काय विलाज? आता तिला लिहायचं तर लिही म्हणाव, सालं लिही, बायांची नावं लिवू नगं. लेकरांची तर नव्हतीच बहुतेकांची.

आत्या, मी भांडायला सांगलीला येत नाहीये. गाठीचं मला कळलंय. आधीचा मी असतो तर एव्हाना दवाखान्याची काच फुटली असती. आता दर मंगळवारी घळीत जातो, बाटली बदलतो, आणि बुडाकडं पाठ करून बसायची हिंमत होत नाही. तोंड करूनही होत नाही. एका अंगावर बसतो.

तू पुस्तक छापलंस तरी मी कुठं बोलणार नाही. पण तुला माहीत नसताना छापू दिलं असतं तर तोंड कसं दाखवलं असतं, म्हणून लपवणं मला जमलं नाही.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझाच,
दिग्विजय


सांगली
१० मार्च २०२६

चि. दिग्विजय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उशीर झाला, कारण तपासणीचा निकाल येऊ दिला. ‘बूड’ पुडीतला चुरा निवळीचा आहे. तो आकडा आणि माझ्या एकोणीस थरांचा आकडा एकच. मी तो बत्तीस वर्षं बघत होते.

पुस्तक थांबवलं. प्रकाशकाला कळवलं की लेखिकेची चूक आहे, दुसऱ्या कुणाची नाही. त्या परीक्षकाचा पत्ता शोधला, ते गेले सहा वर्षांपूर्वी. त्यांना पत्र लिहिलं तरीसुद्धा, आणि पाकीट कपाटात ठेवलं.

भार्गवीनं तिचा सल्ला स्वतःच कबूल केला. दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी थर मोजायला बसली. मी पुढं ढकललेली दोन वर्षं तिनं काढून टाकली आणि सबंध मोजणी परत मागं सरकवली. मग जुन्या कागदपत्रांतली दुष्काळांची यादी शेजारी ठेवली. एकोणिसांपैकी एकही थर चुकला नाही, प्रत्येक आपापल्या दुष्काळावर जाऊन बसला. धोंडा पहिल्यापासून खरं सांगत होता. ते मला नको होतं, कारण माझा जन्म तिथला होता.

आम्ही दोघी आता तेवढंच लिहितोय, आठ पानांत. सालं असतील, नावं नसतील. हरणाबाईला सांग, तिचा शब्द राखलाय. प्रबंधाचं भार्गवी बघून घेईल, तिचं डोकं शाबूत आहे. तुझ्यावर रागावलीय हे खरं. मात्र काल तिनं विचारलं की दहिवडीहून पाखरवाडीला गाडी किती वाजता असते. मी पाटीवर वेळ लिहून दिली आणि कशासाठी ते विचारलं नाही. तूही विचारू नकोस, आणि स्टँडवर जाऊन उभा राहू नकोस.

मला एक दिवस सारखा आठवतोय. धोंडा कापला तेव्हा आम्ही तो घोंगडीत गुंडाळून जीपमध्ये ठेवला. आई घरात होती, अचानक पदर खोचून आली आणि म्हणाली की दहिवडीपर्यंत मी येते. मागं बसली आणि धोंडा मांडीवर घेतला. ड्रायव्हर म्हणाला की मावशी, जड आहे, खाली ठेवा. तिनं ठेवला नाही. रस्ता तेव्हा खराब होता, प्रत्येक खड्ड्याला ती त्याच्यावर हात धरायची. दहिवडीला उतरली, घोंगडीचं टोक सारखं केलं आणि काही न बोलता परतीच्या एसटीत बसली. मला वाटलं लेकीचं कौतुक आहे. पुढं कितीदा तरी मी ही गोष्ट भाषणाच्या सुरुवातीला सांगितली. लोक टाळ्या वाजवायचे. मी तिला दरवेळी बोलवायचे, ती एकदाही भाषणाला आली नाही.

आणि मी काय करत होते? पडद्यावर मुखपृष्ठावरच्या त्याच थराचं चित्र लावायचे, त्यावर काठी टेकवायचे आणि म्हणायचे की हे बघा, हे भरल्या घरांचं साल. प्रयोगशाळेत प्रत्येक थराला क्रमांक असतो. तो थर एम-सतरा. परदेशातले लोकसुद्धा त्याला ओळखतात. त्या अकरा लेकरांतल्या बहुतेकांना आईबापांनी नावं ठेवली नाहीत, आणि मी हे ठेवलं. माझ्या भावाला हाक मारायची झाली तर माझ्याकडं एवढंच आहे.

आता एक काम सांगते, घाई आहे म्हणून सरळ सांगते. मला पोर नाही, त्यामुळं माझा तिथं हक्क नाही, हे मला कळतं. पण आईनं घातलेली त्याची निवळी मी कापून आणली. यंत्रात घालण्यासाठी तिची पूड केली आणि आम्लात विरघळवली. म्हणजे त्याचं देणं पुन्हा राहिलं. हरणाबाईला माझ्या वतीनं विचार की बहिणीनं घातलेली चालते का. दीडशे दिवस लागतात. डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांत ते बसतात, मी मोजलंय. डोंगर चढवत नसेल तर तू पाठीवर घेशील, पण घळीच्या तोंडाशी मला सोडून बाहेर थांबशील.

ती नाही म्हणाली तर वाद घालू नकोस. हो म्हणाली तर चुना कळीचाच लागतो का, आणि तो किती दिवस भिजवायचा, हे तिला विचारून लगेच कळव.

तुझ्या उत्तरावर अवलंबून,
माया आत्या